शेवटच्या ओळीतला अलंकार

अलिफशोला पकडून नेलं तेव्हा तो रस्त्यावरचे दगड बाजूला करत होता. बर्फ वितळायला लागलं की आमच्याकडे डोंगर दगड सोडतो, आणि रस्ता-खात्याची पोरं ते दिवसभर उचलत बसतात. हिरवी जीप आली, थांबली. खाली उतरलेल्या माणसाने त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं. हातातली पहार त्याने शेजारच्याला दिली आणि जीपमध्ये बसला. एवढंच झालं.

कारण सगळ्या रिवांद गावाला ठाऊक होतं. नवरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या दिवशी गावच्या क्लबात त्याने स्वतःची कविता वाचली होती. कोणी कळवलं ते आजपर्यंत कळलं नाही. सभागृहात तर आम्ही सगळेच होतो.

साल चौऱ्याहत्तर. आमच्या गावाला एक बाजू डोंगराची आणि दुसरी नदीची. नदीपलीकडे दुसरा देश. तिकडची बाई भाकरी भाजायला तंदूर पेटवते, त्याचा धूर आमच्या अंगणात येतो. तिकडचं कुत्रं भुंकलं की आमची कुत्री उत्तर देतात. जुन्या लोकांच्या लहानपणी मुली तिकडे दिल्या जायच्या, तिकडच्या इकडे यायच्या. मग सीमा आली, तारा आल्या, मनोरे आले. ज्या जिथे होत्या त्या तिथेच राहिल्या. अलिफशोच्या आजीची धाकटी बहीण अशीच पलीकडे राहिली. आजी मरेपर्यंत रोज संध्याकाळी काठावरच्या दगडावर बसून केस विंचरायची, आणि एकच वेणी घालायची. दुसरी बाजू मोकळी. ती बहीण घालून द्यायची, म्हणायची.

अलिफशो तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. आठवीपासून त्याला साहित्य शिकवलं शकरमोने. शकरमो विधवा होती. नवरा हिमकड्याखाली गेला, मूलबाळ नाही. शाळा हेच तिचं घर; सगळं गाव तिला मुआल्लिम, म्हणजे शिक्षिका, म्हणायचं. शिस्तीची बाई, पण पोरावर कधी हात उगारला नाही तिने. अलिफशोला क्लबात कविता वाच म्हणून तिनेच उभं केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या भित्तिपत्रकावर ती सुवाच्य अक्षरात लावलीही होती. त्याला नेल्याचं कळलं तेव्हा ती धावत शाळेत गेली. भित्तिपत्रकाच्या जागी चार खिळे होते.

तिसऱ्या दिवशी तिलाही बोलावणं आलं.

जिल्ह्याच्या गावी सुरक्षा कार्यालय होतं. तिथला कप्तान हमराकुलोव. खालच्या मैदानी मुलखातला माणूस, आमच्या थंडीने आणि आमच्या पाण्याने बेजार झालेला. त्याला सतत पित्त व्हायचं. टेबलावर सोड्याची पूड, पाण्याचा ग्लास, आणि शेजारी आठवीचं साहित्याचं पुस्तक. अलंकारांच्या पानात काडेपेटीची काडी खूण म्हणून घातलेली.

"बसा, मुआल्लिम," तो म्हणाला. "सरळच सांगतो. मला कवितेतलं काही कळत नाही. लग्नाआधी बायकोने मला एक कविता पाठवली होती, ती मी मित्राकडून समजून घेतली. म्हणून तुम्हाला त्रास दिला."

त्याने टंकलेला कागद पुढे सरकवला.

*वाट माझी बहीण आहे, पहाटे मला हाक देते,*
*तिची धूळ सुरम्यासारखी डोळ्यांत घालतो मी.*
*कोण निघालं म्हणून पर्वत माना वळवून बघतात.*
*ही नदी नव्हे, ही आजीची अर्धी राहिलेली वेणी.*
*वाऱ्याला कोण विचारतं, तुझं गाव कुठलं?*
*पाखराला कोण म्हणतं, परवाना दाखव?*
*घर माझं मिटली मूठ, आणि मी तिच्यातलं बी.*
*जर्दाळू फुलतील तेव्हा मी पलीकडे असेन.*

"उपमा मला कळली," कप्तान म्हणाला. "'सारखी' आलं की उपमा. पण पुढे डोक्यावरून जातं. हे बघा, 'ही नदी नव्हे'. आता कुठल्याही नकाशात बघा, ती नदीच आहे."

"ती अपन्हुती आहे, साहेब. समोर आहे ती वस्तू नाकारायची आणि तिच्या जागी दुसरी ठेवायची."

"आमच्याकडे त्याला खोटी जबानी म्हणतात."

शकरमोला हसू आलं नाही.

कप्तानाने सोड्याचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "माझी अडचण समजून घ्या. नदी म्हणजे नदी असेल, पलीकडे म्हणजे पलीकडे असेल, तर हा पोरगा सीमा ओलांडायला निघाला होता. त्याचं एक कलम आहे. नदी म्हणजे दुसरंच काही असेल, घर म्हणजे मूठ, मूठ म्हणजे... काय ते तुम्ही सांगा, तर मग तो राज्याला तुरुंग म्हणतोय. त्याचं दुसरं कलम आहे. दोन्ही कलमं चांगली जाडजूड आहेत. मला फक्त ओळीगणिक अलंकार ओळखून हवेत. जाणकाराचं लेखी मत. शुक्रवारी राजधानीला गाडी जाते. त्या गाडीत कागद तरी जाईल, नाहीतर कागद आणि पोरगा दोन्ही जातील."

"कवितेत माणूस काहीही बोलतो, साहेब. गाढवालाही चंद्र म्हणतो."

"म्हणू दे ना. माझी हरकत नाही. पण ह्या शेवटच्या ओळीत गाढवही नाही आणि चंद्रही नाही." त्याने त्या ओळीवर नख ठेवलं. "'जर्दाळू फुलतील तेव्हा मी पलीकडे असेन.' ह्यात अलंकार कुठे आहे? दोनदा पुस्तक चाळलं. मला सापडला नाही. तुम्हाला दिसतोय?"

शकरमोने ती ओळ पुन्हा वाचली. नवरोजच्या दिवशी हीच ओळ ऐकताना टाळ्या पडल्या होत्या. तिला काही दिसलं नाही.

"विचार करून लिहून देते," ती म्हणाली.

परतीच्या मालट्रकमध्ये ती ड्रायव्हरशेजारी बसली होती. ड्रायव्हर काहीबाही बोलत होता. तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. इकडून ओढलं तर गळ्याला फास, तिकडून ओढलं तरी फास. प्रेमकविता आहे म्हणावं? पलीकडे म्हणजे मुलीच्या दारात? मग ते विचारणार, कोणती मुलगी. कोणाच्या तरी लेकीचं नाव सांगावं लागणार, आणि त्या पोरीलाही जीप न्यायला येणार. नाही. ते जमणार नव्हतं. बाहेर रस्त्याकडेच्या जर्दाळूंच्या फांद्या लालसर झाल्या होत्या. कळ्या धरल्या होत्या.

घरी न जाता ती थेट नियोजमोकडे गेली. नियोजमो म्हणजे अलिफशोची आई. शकरमोहून पंधरा वर्षांनी मोठी, म्हणून शकरमो तिला अपा म्हणायची. नियोजमो ओट्यावर बसली होती. समोर कणीक भिजवलेली, आणि तिच्यावर वाळून पापुद्रा आलेला. सकाळपासून तशीच असावी.

"अपा, मला एक खरं सांगा. मी कोणाला बोलणार नाही."

"तू त्यांच्याकडे जाऊन आलीस."

"गेले नसते तर त्यांनी दुसऱ्याला बोलावलं असतं. तो दुसरा कोण असता, तुम्हीच सांगा."

नियोजमोने तिच्याकडे पाहिलं. मग उठली, आणि गोठ्याकडे चालू लागली.

गोठ्यात मागच्या भिंतीला गवत रचलं होतं. नियोजमोने दोन पेंढ्या ओढल्या. आत एक शेळी झोपलेली दिसली. शकरमो दचकली. मग तिच्या लक्षात आलं, ती शेळी नव्हती. अख्ख्या कातड्याची मशक होती. पाय दोऱ्याने आवळून बांधलेले, मान बांधलेली, एका पायात बोरूची नळी, आणि चरबी चोळून टम्म फुगवलेली. जुनी माणसं अशाच मशकीवर पोट टेकून नदी पार करायची.

शकरमो तिथेच गवतावर बसली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"परवा कळलं. गवत काढायला आले तेव्हा. तोवर त्याला नेलं होतं." नियोजमोचा आवाज अगदी कोरडा होता. "त्याच्या आजीने मरताना सांगितलं होतं म्हणे, माझ्या बहिणीला सांग मी गेले. एवढ्यासाठी. मेल्याला मी मागेच म्हटलं होतं, अरे, तिलाही मरून दहा वर्षं झाली असतील. तर म्हणाला, असेल आई, पण मला तो रस्ता बघायचाय. तिकडचा. इकडून रोज दिसतो ना, वळतो आणि दिसेनासा होतो. वळणापुढे काय आहे ते बघायचंय. वळणापुढे काय असणार, शकरमो? दुसरं वळण."

"ही मशक जाळू या."

"कातडं जाळलं की गावभर वास. मग वासामागून जीप."

"नदीत सोडू."

"खाली चौकीवाले काठीने ओढून काढतील."

"पुरून टाकू."

"जमीन अजून दगड आहे. आणि कुत्री उकरतात."

दोघी त्या फुगलेल्या कातड्याकडे बघत राहिल्या. नियोजमोने वाकून बोरूची नळी सोडवली. हवा हळूहळू सुटायला लागली, एखाद्या म्हाताऱ्याच्या श्वासासारखी. ती पुरती सुटेपर्यंत नियोजमो वाकूनच होती. मग सरळ झाली.

"तुझ्याकडे दही किती आहे?"

"दही?"

"दही ग, दही. मशक पाण्यात घातली तर होडी, आढ्याला टांगली तर घुसळण. तुझ्या आईने कशात लोणी काढलं? माझ्या आईने कशात काढलं?"

त्या दोघींनी कढत मिठाच्या पाण्याने मशक आतून तीनदा धुतली. चरबी खरवडली. धुरी दिली. शकरमोकडचं दही, नियोजमोकडचं दही, शेजारणीकडून पाहुणे येणार म्हणून मागून आणलेलं दही, सगळं तिच्यात ओतलं, पाणी घातलं आणि तिला आढ्याच्या तुळईला टांगून दिलं. नियोजमोने ती धरली आणि हलवायला लागली. पुढे, मागे. आतून डुचुक डुचुक आवाज येऊ लागला.

"आता घरी जा," ती म्हणाली. "आणि लिही तुला काय लिहायचं ते. माझा पोरगा मला हवाय. कवी नको."

झडतीला ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. कप्तान स्वतः, आणि दोन जवान. शकरमो शाळेत होती. हे सगळं नंतर नियोजमोने तिला सांगितलं, आणि पुढे कित्येक वर्षं आम्हा सगळ्यांना.

जवानांनी गोठ्यात गवत विस्कटलं. पेटीतले कपडे बाहेर काढले. गाद्या दाबून पाहिल्या. नियोजमो मशक हलवत होती. कप्तान दारात उभा राहून छातीवर मूठ चोळत होता. त्याला ढेकर आली, आंबट.

"पित्त झालंय का रे बाळा?" नियोजमोने विचारलं.

"काम करा तुमचं."

"तेच करतेय. सोडा खात असशील. सोड्याने पोट जळतं. थांब." तिने मशकीच्या गळ्याची दोरी सैल केली, वाडगाभर ताक काढलं, चिमूटभर मीठ टाकलं. "पी. तुझी आई इथे असती तर तिने हेच दिलं असतं."

कप्तानाने वाडगा घेतला, हुंगला. "वास कसला येतोय ह्याला?"

"म्हातारी शेळी होती, साहेब. म्हातारीचा वास जात नाही. माझ्याच जवळ येऊन बघा."

जवान हसले. कप्तानही हसला, आणि त्याने ताक पिऊन टाकलं. मग वाडगा पुढे केला, पुन्हा भरून घेतला. दुसरं संपवताना तो मशकीकडेच बघत होता. नियोजमो सांगायची, त्या वेळी माझं काळीज इतक्या मोठ्याने वाजत होतं, की मी मशक जास्त जोरात हलवली, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

ते गेले. तिने मशक हलवणं थांबवलं नाही. लोणी येऊन गेलं होतं तरी ती हलवत राहिली. दुपारी शकरमो आली तेव्हा तिने तिची बोटं एकेक करून सोडवली.

त्या दुपारी शाळा सुटल्यावर शकरमोने रिकाम्या वर्गात बसून मत लिहिलं. तिला वाट सापडली होती. ती वाट इतकी हलकट होती, की पहिलं वाक्य लिहून ती बाहेर जाऊन थुंकून आली.

तिने लिहिलं, की ही कविता नाही. हा स्वाध्याय आहे. 'प्रवास' ह्या विषयावर प्रत्येक अलंकाराचं एक उदाहरण घेऊन ओळी जुळवा, असा अभ्यास मी आठवीला देते. हा त्याच धर्तीवर जुळवलेला आहे. त्यातल्या प्रतिमा उसन्या आहेत. भावना नाही, विचार नाही. लिहिणाऱ्याला कवी म्हणता येईल असं ह्यात काही आढळत नाही.

'काही आढळत नाही' लिहिताना तिला क्लबातली ती दुपार आठवली. वेणीच्या ओळीला बायकांच्या बाजूने एक हुंदका आला होता. तो तिचाच होता.

शेवटच्या ओळीपुढे तिने लिहिलं, अतिशयोक्ती.

गुरुवारी कप्तानाने ते मत उभ्या उभ्या वाचलं. त्याची तब्येत बरी दिसत होती.

"स्वाध्याय," तो म्हणाला. "म्हणजे पोराला अक्कल नाही, असं तुमचं म्हणणं."

"कवितेची नाही."

"हे चालेल वर. हे त्यांना आवडेल. पण ही शेवटची ओळ मुआल्लिम, ह्यात अतिशयोक्ती कसली? पलीकडचा कोंबडा मला ह्या खिडकीत ऐकू येतो. मी दगड मारला तर पलीकडे पडेल. 'मी पलीकडे असेन' ह्यात अतिशय काय आहे?"

ह्या प्रश्नावर शकरमो रात्रीपासून बसली होती. तिने मान वर केली.

"जे अशक्य आहे ते होणार म्हणून सांगणं, ही अतिशयोक्ती, साहेब. काठावर तुमचे जवान आहेत. तारा आहेत, मनोरे आहेत. ते असताना कोणी पलीकडे जाईल, हे आम्ही तर अशक्यच धरतो. गावातलं शेंबडं पोरही तेच सांगेल. की तुमच्या मते शक्य आहे? तसं असेल तर मी खोडते आणि 'शक्य आहे, असं कप्तानसाहेबांनी सांगितलं' असं लिहिते."

कप्तानाने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"राहू दे," तो म्हणाला. मग लेखणी उचलत, "पण हे मला त्याच्या तोंडून हवंय. तुमच्यासमोर. तो म्हणाला स्वाध्याय, तर स्वाध्याय. तो म्हणाला नाही, तर मी ह्या कागदाचं काय करू, बंब पेटवू?"

अलिफशोला आणलं. डोकं भादरलेलं. शर्टाची बटणं काढून घेतलेली, म्हणून तो एका हाताने शर्ट धरून होता. शकरमोला बघून त्याचा चेहरा उजळला. ती त्याच्यासाठी काहीतरी करायला आली आहे, असं त्याला वाटलं. कप्तानाने त्याला स्टुलावर बसवून कागद त्याच्या हातात दिला. तो वाचू लागला. तो वाचत असताना तिने खिडकीकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं नाही. त्याच्याकडेच पाहत राहिली. तेवढं तरी आपण केलं पाहिजे असं तिला वाटलं.

"हे तुम्ही लिहिलंत, मुआल्लिम?"

"हो."

"भावना नाही?"

"नाही."

"तुम्ही रडला होतात त्या दिवशी."

कप्तानाची लेखणी थांबली.

"मला पडसं झालं होतं," शकरमो म्हणाली. "उभा राहा."

तो उठला. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप सरळ झाले.

"पहिली ओळ. 'वाट माझी बहीण आहे.' अलंकार?"

त्याने कप्तानाकडे पाहिलं.

"आठवीत शिकवलंय मी. अलंकार कोणता?"

"रूपक."

"दुसरी."

"उपमा."

"पर्वत माना वळवून बघतात."

"चेतनगुणोक्ती." त्याचा आवाज घोगरा झाला होता. "मुआल्लिम, हे का..."

"मधे बोलायचं नाही. नदी नव्हे, वेणी."

"अपन्हुती."

"वारा आणि पाखरू."

"दृष्टान्त."

"घर मिटली मूठ."

"रूपक."

"कशाचं?" कप्तानाने पटकन विचारलं.

"'कशाचं' असं पुस्तकात विचारत नाहीत, साहेब," शकरमो म्हणाली. "उपमेय आणि उपमान विचारतात. उपमेय?"

"घर."

"उपमान?"

"मूठ."

"शेवटची ओळ."

अलिफशोने कागद टेबलावर ठेवला. शर्ट सोडला. तो उघडाच पडला, आणि आतली बरगड्यांची चौकट दिसली.

"शेवटच्या ओळीत अलंकार नाही," तो म्हणाला. "तुम्हालाही माहीत आहे, नाही. ती ओळ तशीच आहे. ती मी..."

शकरमोने त्याच्या कानाखाली वाजवली.

आयुष्यात तिने मारलेली ती एकच थप्पड. आवाज ऐकून बाहेरच्या जवानाने दार उघडून आत पाहिलं. अलिफशो गालावर हात ठेवून उभा राहिला. त्याला दुखलं नव्हतं, त्याला कळलं नव्हतं.

"आठवीतही तू इथेच चुकायचास," ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "तिकडे तुझी आई मरमर मरतेय. तीन दिवस ताक घुसळतेय. गोठ्यातली जुनी मशक काढली तिने, गवतामागची, आणि तिच्यात ताक घुसळतेय. कप्तानसाहेबांनीसुद्धा प्यायलं. दोन वाडगे. विचार त्यांना."

"चांगलं होतं," कप्तान म्हणाला. "थोडा वास होता."

अलिफशो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडावरचं एकेक काही विझत गेलं. गवतामागे काय होतं ते त्याला ठाऊक होतं. ते आता आढ्याला टांगलेलं आहे, त्याची दोरी आईच्या हातात आहे, आणि आपण एक शब्द बोललो तर ते पुन्हा तपासलं जाणार, आईसकट, हे त्याला कळलं.

"सांग," शकरमो म्हणाली. "कोणता अलंकार?"

"अतिशयोक्ती."

"का?"

हे तिने विचारायला नको होतं, असं पुढे तिला कितीदा वाटलं. पण कप्तान वाट बघत होता, आणि वर्गात ती नुसत्या नावाला कधी गुण देत नसे.

"कारण ते अशक्य आहे," अलिफशो म्हणाला.

कप्तानाने लिहून घेतलं. त्याखाली अलिफशोची सही घेतली, मग तिची.

शुक्रवारच्या गाडीत नुसता कागद गेला. अलिफशोला सोडलं, पण सीमेच्या पट्ट्यात राहायची बंदी घातली. दक्षिणेकडच्या कापसाच्या मैदानात एका शेतीसंस्थेत त्याला कालव्याच्या कामावर नेमलं. आठवड्याभरात निघायचं होतं. तोवर गावात जर्दाळू फुलले. त्या वर्षी असे फुलले होते, की डोंगर पांढरा की झाडं पांढरी कळत नव्हतं. अलिफशो घराबाहेर आला नाही.

ज्या दिवशी तो गेला, त्या दिवशी निम्मं गाव मालट्रकपाशी जमलं होतं. कोणी भाकऱ्या दिल्या, कोणी वाळलेल्या तुतीची पिशवी. शकरमो मागे उभी होती. नियोजमोने पोराला दंडाला धरून तिच्याकडे ओढत आणलं.

"हात घे तिचा. तिच्यामुळे उभा आहेस."

आमच्याकडे मोठ्या माणसाचा हात हातात घेऊन त्यावर ओठ टेकतात. अलिफशोने तिचा हात घेतला. ओठ टेकले. सगळं रीतीप्रमाणे केलं.

"मुआल्लिम, तुम्ही मला वाचवलंत," तो हळूच म्हणाला. "मला ठाऊक आहे. पण आता मी तुमच्याशी बोलू शकणार नाही. राग नाही. जमणार नाही मला."

"नको बोलूस," ती म्हणाली. "जेवत जा."

उन्हाळ्यानंतर शाळा उघडली, तेव्हा शकरमोने हेडमास्तरांना सांगितलं, मला पहिली द्या. मोठ्या वर्गाला साहित्य शिकवायला दुसरं कोणी बघा. हेडमास्तरांनी कारण विचारलं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तिने पोरांना अक्षरं शिकवली आणि शंभरपर्यंत आकडे. मुलं तिला घाबरायची नाहीत. शेंबूड पुसून घ्यायला तिच्याकडेच जायची.

हिवाळ्याच्या तोंडाला नियोजमोला मुलाला भेटायचा परवाना मिळाला. ती पंधरा दिवस जाऊन आली. आल्या दिवशी शकरमो तिच्याकडे गेली. नियोजमोने मीठ-लोणी घातलेला दुधाचा चहा केला, तिच्यासमोर भाकरी मोडली.

"कसा आहे?"

"जाड झालाय. उन्हाने काळा पडलाय. कालव्यावर मुकादम आहे. एक मुलगी बघितलीय, तिथलीच, कापूसवाल्यांची. दात पुढे आहेत, पण कामाची आहे."

"लिहितो का काही?"

"वेळ नसतो म्हणाला."

शकरमोने भाकरीचा तुकडा चहात बुडवला, पण खाल्ला नाही. तो विरघळून पडला.

"माझं काही विचारलं?"

"विचारलं ना," नियोजमो म्हणाली. "सलाम सांगितलाय तुला. म्हणाला, मुआल्लिमना माझा सलाम सांग, आणि सांग, मी त्यांची आठवण काढतो."

नियोजमो ओढणीच्या टोकाने उगाच वाडगा पुसत होती. मग तिने वाडगा खाली ठेवला.

"नाही ग," ती म्हणाली. "काही नाही बोलला. मी तुझं नाव काढलं तर उठून बाहेर गेला."

"ठाऊक आहे मला, अपा," शकरमो म्हणाली. "तरी तुम्ही आधी सांगितलंत ना, ते पुन्हा एकदा सांगा."

नियोजमोने तिच्याकडे पाहिलं. मग तिचा हात आपल्या हातात घेतला, आणि सुरुवातीपासून, सावकाश, पुन्हा सांगितलं.